आधी भाता बघा, मग नाव

झाकण उघडलं की भात्यासकट लेन्स पुढे येते, अशा जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रं सातत्याने येत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : घडीचा कॅमेरा घ्यायचा ठरवलं आहे. एका विक्रेत्याकडे आग्फा आयसोलेट, झाइस इकॉनचा नेत्तार आणि कोडॅकचा एक फार जुना असे तीन आहेत. नेत्तारची किंमत आयसोलेटच्या दुप्पट सांगतो. तिन्ही चालू आहेत म्हणतो. कोणता घ्यावा?
(वाचक, धरमपेठ)

उत्तर : खटका दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, एवढ्यावर विक्रेते कॅमेरा चालू असल्याचं सांगतात. तो आवाज पुरेसा नाही.

आधी रोलचा आकार बघा, कारण त्यावरच तीनपैकी एक बाद होण्याची शक्यता आहे. आज सहज मिळतो तो १२० चा रोल. हा आकार १९०१ मध्ये आला आणि अजून बनतो. कोडॅकचे घडीचे कॅमेरे मात्र बहुतेक ६२०, ११६ किंवा ६१६ चे असतात. त्यातल्या ११६ आणि ६१६ चं उत्पादन १९८४ मध्येच थांबलं. हे कॅमेरे शोभेला छान, पण पहिला कॅमेरा म्हणून घेऊ नयेत. मागचं झाकण उघडून आतल्या बाजूला छापलेला आकडा वाचा. ६२० असेल तर वाट आहे, ती पुढच्या उत्तरात सांगितली आहे.

उरले दोन. दोन्ही सहसा १२० वर ६ × ६ सेंटिमीटरचे १२ फोटो काढतात. आयसोलेटची दोन दुखणी जगजाहीर आहेत. एक, १९५०च्या दशकातल्या आग्फाच्या भात्याचं कृत्रिम कापड घड्यांच्या कोपऱ्यांवर झिजतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. दोन, फोकसच्या आट्यांतलं ग्रीस हिरवट होऊन लाखेसारखं घट्ट होतं. नेत्तारचा भाता सहसा टिकलेला असतो. फोइगटलेंडरच्या बेसा आणि पर्केओचंही तेच. नेत्तारला जास्त पैसे द्यायचे असतील तर ते या कारणासाठी द्या, लेन्सवर कोरलेल्या नावासाठी नको. नेत्तारची नोव्हार, आयसोलेटच्या आग्नार आणि अपोटार या सगळ्या तीन काचांच्या लेन्स आहेत. आयसोलेटवर सोलिनार असेल तर ती चार काचांची, आणि अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं असताना तिचा फरक दिसतो. एफ ११ ला, म्हणजे ते भोक बरंच लहान केल्यावर, ८ × १० इंचाच्या प्रिंटवर यातली लेन्स कोणती हे ओळखणं कठीण आहे.

दुकानात दहा मिनिटं मागून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवा. कॅमेरा उघडल्यावर पुढची चौकट खट्कन बसली पाहिजे. दोन बोटांनी धरून हलवली तर डुगडुगता कामा नये. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’ वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ते माप) ठेवून दाबून धरा आणि टॉर्च लेन्सच्या समोरून तिरपा मारा. चार धुळीचे कण असले तर सोडून द्या. दुधाळ पडदा दिसला तर तो बहुधा साफ होतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तिथे किंमत पाडून मागा किंवा उठून या. मग शटरची सगळी मापं एकेक करून वाजवा. १/२५ आणि १/२०० सेकंदाचा आवाज सारखाच येत असेल किंवा १ सेकंदावर शटर उघडून तसंच बसत असेल, तर आतली संथ गतीची चाकं चिकटली आहेत. त्यानंतर फोकसची कडी अनंतापासून जवळच्या अंतरापर्यंत फिरवा. ती फिरताना तिच्या मागची काचही सोबत फिरते का, हे नीट बघा. याचं महत्त्व पुढे कळेल. शेवटी आत एक रिकामा स्पूल आहे ना, तेवढं पाहा. तो नसला तर नवा रोल गुंडाळायला जागाच नाही. एखाद्या फोटोग्राफरकडून १२० चा रिकामा स्पूल फुकटातही मिळतो, पण त्यासाठी पहिला रविवार वाया जातो.

घरपोच मागवत असाल तर तीन फोटो हट्टाने मागा : अंधारात भात्याच्या आत दिवा ठेवलेला, मागून ‘बी’ वर लेन्समधून पाहिलेला, आणि फोकसची कडी दोन्ही टोकांना नेलेली. जो विक्रेता हे पाठवायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

६ × ९ चा कॅमेरा हाती आला तर निगेटिव्ह भव्य मिळते, पण रोलमध्ये आठच फोटो. शिवाय १०५ मिलिमीटरच्या लेन्सला अंतराचा अंदाज चुकलेला चालत नाही. सुरुवात ६ × ६ ने करा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कोडॅकचा ‘सिक्स-ट्वेंटी’ सापडला. भाता चांगला आहे. १२० चा रोल त्यात जात नाही. घासून बसवावा का?
(वाचक, महाल)

उत्तर : ६२० आणि १२० ची फिल्म एकच, रुंदीही तीच. फरक स्पूलचा. ६२० चा गाभा बारीक आणि चकत्या लहान असतात. काही जण १२० च्या स्पूलच्या चकत्या नेलकटरने कुरतडून बसवतात. काही कॅमेऱ्यांत ते जमतं, काहींत रोल अडकतो आणि कुरतडलेल्या कडेतून प्रकाश शिरतो. रोल दुसऱ्या स्पूलवर घेणं खात्रीचं.

त्यासाठी ६२० चे दोन स्पूल हवेत : एक रोलसाठी, एक कॅमेऱ्यात गुंडाळायला. कॅमेऱ्यात एक अडकलेला असतोच, दुसरा शोधावा लागेल. शिवाय १२० चा एक रिकामा स्पूल. काम पूर्ण अंधारात, चेंजिंग बॅगमध्ये (हात घालायला बाह्या असलेली, प्रकाश न शिरणारी पिशवी) करा. आधी १२० चा रोल १२० च्या रिकाम्या स्पूलवर घट्ट गुंडाळा, मग तिथून ६२० वर. दोनदा गुंडाळल्यामुळे फिल्मची सुरुवात पुन्हा बाहेरच्या बाजूला येते. फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटवलेली असते. दुसऱ्या गुंडाळणीत त्या टोकाजवळ येता तेव्हा फिल्मला फुगवटा येतो. तो दाबून पुढे जाऊ नका. पट्टी अलगद उचला, फिल्म सपाट सरकवा, पट्टी पुन्हा चिकटवा. एक वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात डोळे उघडे ठेवून सराव करा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. आणि लॅबला रोल देताना ‘स्पूल परत द्या’ असं पाकिटावर लिहून द्या, कारण एरवी तो कचऱ्यात जातो.

प्रश्न : प्रत्येक फोटोत एकाच भागात पांढरा धुरकट डाग येतो. दुकानदार म्हणतो रोल खराब. तिसरा रोलही तसाच आला.
(वाचक, खामला)

उत्तर : भात्याला भोक आहे. निगेटिव्हवर तो डाग काळा दिसत असेल, म्हणजे तिथे जास्तीचा प्रकाश पडला आहे. कडा पसरट असून डाग साधारण त्याच जागी येतो, हीच भात्याची खूण. उन्हात कॅमेरा जितका वेळ उघडा, तितका डाग मोठा. फिल्मच्या कडेने आत शिरलेला प्रकाश वेगळा असतो. तो रोल सैल गुंडाळल्याने किंवा भर उन्हात बदलल्याने येतो आणि दोन चित्रांमधल्या मोकळ्या पट्टीवरही दिसतो.

तपासायला रात्री दिवे घालवा. मागचं झाकण उघडून भात्याच्या आत किचेनचा लहान एलईडी दिवा सोडा. मोबाइलचा टॉर्च फार मोठा पडतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तीन-चार मिनिटं द्या. मग भात्याचा प्रत्येक कोपरा बोटाने हलकेच दाबत आणि भाता थोडा मिटत-उघडत बघा. काही भोकं घडी ताणली की दिसतात आणि सैल सोडली की मिटतात. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच सुटतात. दिसलेल्या प्रत्येक भोकाजवळ पांढऱ्या पेन्सिलीची खूण करा.

पाच-सहा भोकं असतील तर दुरुस्ती करण्यात अर्थ आहे. बाहेरच्या बाजूने, कोपऱ्यावर, काळी लिक्विड इलेक्ट्रिकल टेप टूथपिकने अगदी पातळ लावा. सुकू द्या, दुसरा हात द्या, पुन्हा सुकू द्या, आणि चोवीस तास कॅमेरा उघडा ठेवा. जाड थर दिला तर भाता पूर्ण मिटत नाही, झाकण जोराने दाबावं लागतं आणि त्या जोराने नवं भोक पडतं. सुकल्यावर थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळून फुंकून टाका, नाहीतर उन्हाळ्यात घड्या एकमेकींना चिकटतात. नेलपॉलिश लावण्याचा सल्ला जुन्या मंडळींकडून मिळेल. ती कडक होते आणि पाच-दहा घड्यांत तडकते.

मोठी चीर असेल तर पातळ काळ्या कापडाची पट्टी फेव्हिबॉण्डसारख्या लवचिक गोंदाने लावता येते. सगळे कोपरे चाळणीसारखे झाले असतील तर मलमपट्टी सोडा आणि भाता बदला. तयार भाते परदेशातून मागवता येतात. आयसोलेट घेताना किमतीत हा खर्च आधीच धरावा.

प्रश्न : आयसोलेटची फोकसची कडी फिरते, तरी दूरचं काहीच स्पष्ट येत नाही. शटरही हळू वाटतं. घड्याळजी म्हणतो, तेल टाकून देतो. टाकू द्यावं का?
(वाचक, प्रतापनगर)

उत्तर : तेल अजिबात नको. तेल पात्यांवर पसरतं, पाती एकमेकींना चिकटतात आणि आज हळू चालणारं शटर उद्या बंद पडतं.

फोकसचा घोटाळा असा आहे. या कॅमेऱ्यात अंतर बदलायला फक्त पुढची काच मागच्या काचेपासून दूर-जवळ होते. मधलं ग्रीस गोठलं की पुढची काच मधल्या काचेला जखडते. मग कडी फिरवली की दोन्ही मिळून फिरतात, अंतर तेवढंच राहतं आणि मधली काच आपल्या जागेवरून सुटत जाते. म्हणून खरेदीच्या वेळी कडीच्या मागची, म्हणजे ही मधली, काच फिरते का ते बघायला सांगितलं.

उपाय करता येतो, पण पकड लावून जोर केला तर पितळी आटे कातरतात. कडीच्या बाजूचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडी काढा. पुढची आणि मधली काच जोडीनेच आटे फिरवून बाहेर काढा. सांध्यावर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे थेंब सोडा, थांबा, पुन्हा सोडा. हेअर ड्रायरने ऊब देणार असाल तर पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच, आणि खोलीत कुठेही ज्योत नको. रबराचा पातळ तुकडा धरून हाताने पिळा. एका दिवसात सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी. दोन काचा सुटतात त्या क्षणी एकमेकींसमोर कुठे होत्या त्याची पेन्सिलने खूण करा. जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं अगदी नखावर मावेल इतकंच लावा.

काचा बाहेर असतानाच शटरची पाती दिसतात. कापसाच्या काडीला तेच पेट्रोल जेमतेम लावा, पाती पुसा, वीस-तीसदा शटर चालवा, कोरडी काडी फिरवा आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. थेट ओतू नका, आतलं सगळं ग्रीस विरघळून पात्यांवर येतं. एवढं करून १/५० पासून वर शटर ठीक झालं आणि फक्त १ ते १/१० अडलं, तर आतली चाकं उघडावी लागतील. ते काम घड्याळजींचंच. फक्त त्यांना ‘साफ करा, तेल नको’ असं स्पष्ट सांगा.

काचा परत बसवल्यावर अनंताचं फोकस पुन्हा लावल्याशिवाय रोल घालू नका. काचेच्या पट्टीवर दुधी सेलोटेप ताणून लावा. मागचं झाकण उघडून ती पट्टी फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन कडांवर, टेपची बाजू लेन्सकडे करून ठेवा. कॅमेरा तिपाईवर, शटर ‘बी’ वर कुलूप लावून उघडं, अॅपर्चर पूर्ण मोकळं. गच्चीवरून किमान अर्ध्या किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर धरा आणि भिंगातून टेपवरची प्रतिमा बघत पुढची काच फिरवा. जाळीच्या रेघा सर्वांत तीक्ष्ण दिसतात तिथे थांबा, कडी अनंताच्या खुणेवर ठेवून स्क्रू आवळा. सकाळी नऊच्या आत हे करा. नंतर तापलेल्या गच्च्यांवरची हवा हलते आणि टॉवर नाचताना दिसतो.

शटर तपासायला मोबाइलचं स्लो मोशन उपयोगी पडतं. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात १/२५ ला शटर साधारण दहा चौकटी उघडं दिसायला हवं. १/१०० च्या वर हे मोजमाप भरवशाचं राहत नाही. कॉम्पूर-रॅपिड शटर असेल तर १/५०० हे माप चाप ओढण्याआधीच लावा. त्यासाठी वेगळी कडक स्प्रिंग असते, ओढल्यानंतर जबरदस्ती केली तर ती बिघडते. आणि सेल्फ टायमरच्या ‘व्ही’ च्या वाटेला जाऊ नका. अर्ध्यात अडकला की अख्खं शटर अडकवतो.

प्रश्न : फुटाळा तलावावर काढलेले दूरचे फोटो चांगले, घरच्यांचे जवळचे सगळे अस्पष्ट. कॅमेऱ्यात अंतर दिसत नाही, अंदाजाने लावतो.
(वाचक, गोकुळपेठ)

उत्तर : आधी एक साधी गोष्ट बघा : कडीवरचे आकडे फुटांचे आहेत की मीटरचे? जर्मन कॅमेरे दोन्ही प्रकारांत आले. पाच मीटर समजून पाच फुटांवर लावलेला रोल पूर्ण वाया जातो.

आता हिशेब. ७५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ ४.५ ला दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात तर जेमतेम १८ सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते. म्हणजे डोळ्यांवर फोकस असेल तर कानापर्यंत. त्यात पाव मीटरची चूक झाली की संपलं. तोच माणूस तीन मीटरवर, एफ ८ ला, अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत कुठेही उभा राहिला तरी चालतो. घरच्यांचे फोटो अंगणात, तीन मीटरवरून, एफ ८ ने काढा. दूरच्या दृश्याला एफ ११ आणि १० मीटर लावा, पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतं. एफ १६ ला ७ मीटर लावलं तर साडेतीन मीटरपासून. हे दोन जोड झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

अंतर मोजायला घरातल्या फरशीसारखं साधन नाही. आजकालच्या मोठ्या टाइल्स बहुधा दोन फुटांच्या असतात, पाच टाइल्स म्हणजे दहा फूट म्हणजे तीन मीटर. बाहेर असाल तर आपले दोन्ही हात पसरले की साधारण आपल्या उंचीएवढं अंतर भरतं, ते डोळ्यांत मुरवा. सुतारांकडचा लहान लेझर मीटरही चालतो. आयसोलेट ३ सारख्या कॅमेऱ्यांत अंतर दाखवणारी यंत्रणा असते, पण ती लेन्सला जोडलेली नसते. तिथे वाचलेला आकडा हाताने कडीवर लावावा लागतो. हे विसरल्याने अस्पष्ट आलेले फोटो अंदाज चुकल्याने आलेल्या फोटोंपेक्षा कमी नसतील.

अंतर बरोबर असूनही चित्राचा मध्य मऊ येत असेल तर कॅमेरा उघडण्याची पद्धत तपासा. बटण दाबून झाकण झटक्यात उघडू दिलं की भाता हवा ओढतो आणि त्या ओढीने फिल्म आपल्या जागेवरून पुढे फुगते. झाकण बोटाने धरून हळू उघडा आणि फिल्म नेहमी उघडल्यानंतर, फोटोच्या आधी फिरवा. आधीच फिरवून ठेवलेली फिल्म सैल पडते. फक्त एकच बाजू अस्पष्ट असेल तर पुढची चौकट तिरपी आहे. पोलादी पट्टीने डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर मोजा. एक मिलिमीटरचा फरकही चित्रात दिसतो.

प्रश्न : प्रकाश मोजायचा मीटर नाही. मे महिन्यातल्या उन्हात काय लावायचं? ४०० आयएसओचा (जास्त वेगाचा) रोल चालेल का?
(वाचक, नंदनवन)

उत्तर : ऊन कितीही भाजलं तरी फिल्मच्या दृष्टीने नागपूरचं मे महिन्यातलं ऊन जानेवारीतल्या निरभ्र दुपारपेक्षा फार वेगळं नाही. १०० च्या फिल्मला स्वच्छ उन्हात १/१०० आणि एफ १६. पातळ ढग असतील तर एफ ११, जुलैतल्या भरून आलेल्या आभाळाला एफ ५.६, मोकळ्या सावलीला एफ ५.६. संध्याकाळी मोबाइलवरचं मीटरचं अॅप घ्या.

४०० चालते, पण सर्वांत वेगवान शटर १/२०० असेल तर भर उन्हात एफ २२ लावावं लागेल. एफ १६ ठेवलंत तर एक पायरी जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश जाईल, आणि निगेटिव्ह फिल्म तो आनंदाने घेते. जुनी शटरं तशीही लिहिल्यापेक्षा थोडी हळूच चालतात. स्लाइड फिल्म मात्र या कॅमेऱ्यात पहिल्या वर्षी घालू नका. दीक्षाभूमीच्या उजळ स्तूपासमोर अॅपर्चर अर्धी पायरी बंद करा, एवढंच.

प्रश्न : बाराऐवजी नऊच फोटो आले, काही एकमेकांवर चढले, आणि दोन फोटोंवर गोल ठिपका आहे.
(वाचक, कामठी)

उत्तर : तिन्ही तक्रारी पाठीमागच्या लाल खिडकीच्या आहेत. १२० च्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात : १६ फोटोंची, १२ ची आणि ८ ची. ६ × ६ साठी मधली ओळ. तुमच्या कॅमेऱ्यात कोणती ओळ खिडकीत येते ते वाया गेलेल्या कागदावर एकदा पाहून घ्या. आकड्याच्या आधी ठिपके किंवा लहान वर्तुळं येतात, ती दिसू लागली की हात हळू करा. काही फिल्मवर आकडे फिकट छापलेले असतात, तिथे टॉर्च नको, सावलीत तिरपं धरून वाचा.

ठिपका त्या खिडकीतूनच आला. लाल काच ज्या काळात बसवली त्या काळी लाल प्रकाशाला न दाद देणाऱ्या फिल्म सर्रास होत्या. आजच्या फिल्मला लाल दिसतं. खिडकीची सरकपट्टी फक्त फिरवताना उघडा, तीही अंगाच्या सावलीत. पट्टी नसेल तर काळ्या टेपची घडी करून झाकण बनवा.

मागे दोन लाल खिडक्या असलेला १६ फोटोंचा जुना कॅमेरा असेल, तर ८ च्या ओळीतला प्रत्येक आकडा आधी पहिल्या खिडकीत आणि मग तोच दुसऱ्या खिडकीत आणायचा असतो.

प्रश्न : भाऊ, आमच्या घरी उन्हाळाभर कूलर चालू राहते. कॅमेरा अन् रोल ठेवावं कुठं? मागच्या साली लेन्सवर जाळं धरून राहिलं होतं. रोल फ्रिजमध्ये ठेवतो म्हटलं तर आई ओरडते.
(वाचक, उमरेड)

उत्तर : कूलरच जाळ्याचं कारण असू शकतो. बाहेर कोरडी हवा असली तरी कूलरच्या खोलीत दमट, आणि मग पावसाळा आहेच. कॅमेरा त्याच्या चामडी केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा वापरता येतं. ठेवताना शटरचा चाप सोडलेला असू द्या.

आईंना सांगा, बंद पाकिटातला रोल झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवला तर लोणच्याला काही होत नाही. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढा आणि पिशवी तेवढा वेळ उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. गाडीच्या डिक्कीत मात्र पाच मिनिटंसुद्धा नको.

प्रश्न : रोल घरी धुतो. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी हात पोळेल असं येतं. २० अंश कुठून आणायचे?
(वाचक, सदर)

उत्तर : २० चा हट्ट सोडा, २४ धरा. एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये (तो पाण्यात एकास एक पातळ करून) २० अंशांना १३ मिनिटं घेते, २४ ला साधारण ९ मिनिटं. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपिंग असमान होण्याचा धोका वाढतो, म्हणून याहून गरम पाण्यात जाऊ नका, आणि डेव्हलपर मूळ तीव्रतेचा न वापरता पातळच वापरा.

फिल्म धुण्याच्या नेहमीच्या प्लास्टिक टाकीला १२० च्या एका रोलसाठी ५०० मिलिलिटर लागतं. डेव्हलपर, मधलं पाणी, फिक्सर आणि धुणं मिळून २४ अंशांचं चार लिटर द्रव आधीच तयार हवं. माठातलं पाणी आदल्या रात्री भरून ठेवा, कोरड्या उन्हाळ्यात ते नळापेक्षा कितीतरी थंड मिळतं. (पाणी वेगळ्या भांड्यात काढून घ्या, रसायनाचा हात माठात नको.) उरलेला फरक बादलीत बर्फाच्या बाटल्या सोडून काढा आणि सगळ्या बाटल्या त्याच बादलीत उभ्या करा. डेव्हलपर २४ आणि धुण्याचं पाणी ३५ असं झालं तर फिल्मवरचा थर आकसून बारीक जाळीदार सुरकुत्या पडतात, आणि गरम पाण्यात थर इतका मऊ होतो की बोट लागलं तरी ओरखडा उठतो.

धुवायला नळ चालू ठेवण्याची गरज नाही. टाकी भरा, पाचदा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहादा. पुन्हा भरा, वीसदा. दीड लिटरमध्ये काम झालं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरचं पाणी सुकल्यावर पांढरे डाग सोडतं. पावसाळ्यात फिल्म त्या टाकीच्या रिळावर चढवताना अडकली तर रीळ ओलसर आहे, ते आदल्या दिवशी पूर्ण वाळवून घ्या.

प्रश्न : रोल लॅबला द्यायचा असेल तर काय सांगावं?
(वाचक, वर्धा रोड)

उत्तर : आधी १२० धुता का ते विचारा, बऱ्याच जागी फक्त ३५ मिलिमीटरची सोय असते. घडीच्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमधली जागा कमी-जास्त पडते, त्यामुळे ठरावीक मापाने कापलं तर एखादं चित्र मधून चिरतं. ‘बघून कापा, तीन-तीनच्या चार पट्ट्या करा’ असं पाकिटावर लिहा. स्कॅन करताना चित्राच्या कडेची थोडी काळी पट्टी ठेवायला सांगा. पुढे डाग आला तर तो भात्यातून आला की रोलच्या कडेने, हे त्या पट्टीवरून कळतं.